उलट्या आट्यांची सायकल

ती सायकल भंगारात जाणार होती आणि ती जाऊ नये असं वाटणारी घरात मी एकटी होते. अशा वेळी मला जोर चढतो. सगळे माझ्या बाजूने असले की माझा निम्मा उत्साह मावळतो, हे माझ्या नवऱ्याला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. तेव्हापासून तो मला विरोध करताना विचार करून करतो.

आमच्या वडिलांचं, आबांचं, कर्जतच्या बाजारात सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. हात कापायला लागल्यापासून आबांनी तो उघडलाच नव्हता. आई गेल्यावर ते माझ्याकडे भिसेगावला राहायला आले. मोठा भाऊ शेलूला नव्या इमारतीत राहतो. मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एकाला गाळा भाड्याने द्यायचं त्याने ठरवलं आणि आतलं सामान हलवायला भंगारवाल्याचा टेंपो बोलावला. मी पोचले तोवर टेंपोत गंजलेल्या रिमा, चेनची भेंडोळी, पंक्चर तपासायचं घमेलं असं बरंच काही चढलं होतं. सगळ्यात वर ती होती, अठरा इंची चाकांची, लहान मुलांची, एके काळी शेंदरी रंगाची सायकल. तिच्या शेजारी आबांची हत्यारांची लाकडी पेटी.

"दादा, ह्या दोन वस्तू खाली उतरव," मी म्हटलं.

"तू काय करणार त्यांचं? तिचा एक पार्ट धड नाही."

"दुरुस्त करणार."

भाऊ हसला. भंगारवालाही हसला. भावाचं मी समजू शकते, पण भंगारवाल्याला हसायचं काही कारण नव्हतं. मी टेंपोवर चढले. पुढच्या वर्षी साठ पूर्ण होतील, गुडघे कुरकुरतात, पण चढले आणि आधी पेटी, मग सायकल, अशा दोन्ही वस्तू स्वतःच्या हाताने उतरवल्या. भाऊ "अगं पडशील" म्हणत खाली उभा होता.

घरी आबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ती कशाला आनलीस? जाऊ द्यायची व्हती."

"चालू करणारे मी."

"तू?"

एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. हे 'तू?' मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमचं मूळ गाव कडाव, घरचे सगळे भातशेतीवाले. आबा तिथून उठून कर्जतला आले आणि सायकलीच्या धंद्यात पडले. त्यांच्याकडे लहान मुलांच्या दहा सायकली होत्या, तासावर भाड्याने द्यायच्या. सगळ्या शेंदरी, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. सगळ्यांची कॅरिअर आबांनी करवतीने कापून टाकलेली, कारण कॅरिअर दिसलं की पोरं डबलसीट बसतात आणि रिम वाकते. सुट्टीच्या दिवसांत सकाळी सातपासून पोरांची रांग लागायची. मोबाईल नव्हते, घड्याळ एकट्या आबांच्या हातात, त्यामुळे तास किती मिनिटांचा हे आबाच ठरवायचे.

भाऊ दहा वर्षांचा झाला तेव्हा आबांनी त्याच्या हातात पाना दिला. त्याला ग्रीसची किळस होती. बोटाला काळं लागलं की रडकुंडीला यायचा. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान आणि दुकानात घुसायला नेहमी टपलेली, पण मला "घरी जा, आईला मदत कर" हे ठरलेलं. वर्षातून एकदाच माझा त्या हत्यारांशी संबंध यायचा. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आदल्या दिवशी अख्खी पेटी घरी यायची आणि आई आणि मी रॉकेलच्या वाटीत चिंधी बुडवून एकेक पाना घासायचो. कुठला पाना कुठल्या नटाचा, कुठल्याचं तोंड झिजलंय, कुठल्याचा दांडा वाकलाय, हे मला त्या घासण्यातून पाठ झालं. दुसऱ्या दिवशी पाटावर हत्यारं मांडली जायची, मी भोवती रांगोळी काढायची, झेंडू वाहायचा, आणि पूजा झाली की लांब व्हायचं. धुवायला माझे हात चालायचे, धरायला नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर आईने डोळे मोठे केले आणि आबा म्हणाले, "पोरीच्या जातीला ह्ये काम नाय." मग मी शिकले, परीक्षा दिली, खालापूरला सरकारी कचेरीत नोकरी केली आणि निवृत्त झाले. पेन्शन लागली. पण ते वाक्य काही निवृत्त झालं नाही.

म्हणून खरं सांगते, त्या सायकलीत माझा जीव अडकला होता अशातला भाग नाही. मला आबांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की हे काम मला येतं. ते त्र्याऐंशीचे. हाताशी दिवस किती आहेत, ते मला दिसत होतं. ते गेल्यावर त्यांच्या फोटोला विचारून काय उपयोग.

दहापैकी ही उरलेली सहा नंबरची. मी ती ओट्यावर उलटी करून ठेवली आणि सकाळचा चहा झाला की बसायला लागले. आबांची खुर्ची चार हातांवर. ते पेपर वाचत, म्हणजे पेपराच्या वरून बघत.

सामान मिळवणं हे वेगळंच प्रकरण. कर्जतच्या दुकानांत अठरा इंची टायर मागितलं की समोरचा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा. "मावशी, सोळा घ्या नाहीतर वीस घ्या. अठरा आता कुठे?" जणू मी चाकाच्या मापाबद्दल घासाघीस करायला आले होते. मोबाईलवरून मागवलं तर बाबागाडीचं टायर आलं. ते परत पाठवायला जेवढे फोन करावे लागले तेवढ्यात मी रबराचं झाड लावलं असतं. शेवटी नेरळच्या एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर जोडी मिळाली, वरचा कागद उंदरांनी खाल्लेला, टायर शाबूत. ब्रेकचे रबर मोठ्या सायकलचे आणले आणि ब्लेडने कापून बसवले. सीटचं कव्हर माझ्या शिलाई मशीनवर रेक्झिनचं शिवलं. चाकांच्या तारा सगळ्या गंजल्या होत्या. त्या काढून नव्या तारांनी चाकं बांधली, एक मोबाईलवर बघून आणि दुसरं पहिल्याकडे बघून. आबा ढिम्म. नवरा तेवढा येता जाता "छान झालंय" म्हणायचा. त्याला चाक आणि परात यांतला फरक कळत नाही, त्यामुळे त्या कौतुकाचा मला उपयोग नव्हता.

मग मी आसावर आले. पायडल ज्या आसावर फिरतात तो सायकलीच्या मधल्या नळीत बसतो. त्याला दोन्ही बाजूंनी दोन वाट्या, वाट्यांत छर्रे. वाटीला बाहेरून आटे असतात आणि ती नळीत पिळून बसवलेली असते. डाव्या बाजूची वाटी डावीकडे फिरवली की सुटते, हे मला माहीत होतं, मोबाईललाही माहीत होतं. मी फिरवली. सुटेना. डिझेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. सुटेना. मेणबत्तीने शेकली, हातोडीने ठोकली. दुसऱ्या दिवशी पान्याच्या दांड्यावर नळाचा चार फुटी पाइप चढवला आणि त्याला अक्षरशः लटकले. तिसऱ्या दिवशीही लटकले. आबा बघत होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं काही सांगतात, तर म्हणाले, "दूधवाला आला का गं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी वाटीतून कट्‌ असा आवाज आला. वाटी सुटली नव्हती, तडकली होती. एक तुकडा माझ्या हातात, बाकीची आतच. मी रडले नाही. दोन तासांत ती तुकड्या-तुकड्याने पोखरून बाहेर काढली आणि जेवले.

नवी वाटी मिळायला अडचण नव्हती, पण मी एक आणली, दुसरी आणली, चौथी आणली, सगळ्या नळीत सळसळत जायच्या. आटा धरतच नव्हत्या. दुकानदार म्हणाला, नळीच खराब आहे, फेकून द्या. मी तुटलेली वाटी पिशवीत घातली, सायकलचा सांगाडा स्कूटरला पुढे आडवा बांधला आणि पळसदरीवरून खोपोलीला गेले. तिथे लोखंड कातून सुटे भाग बनवणारे लेथवाले बरेच आहेत. पहिल्या दोघांनी एका वाटीसाठी मशीन लावायला नकार दिला. तिसरा माझ्याच वयाचा होता. त्याने नळीत बोट घातलं, आतून फिरवलं आणि हसायलाच लागला.

"ही कर्जतची ना? भाड्याच्या सायकलवाल्याची?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या बाबांनी केलंय हे काम. मी तेव्हा शाळेत होतो. नळी आतून वाढवून उलटे आटे पाडलेत. दहा नग. बाबा सांगायचे, कर्जतचा एक माणूस आहे, डोक्याने वेडा नाहीतर फार हुशार."

मग त्याने समजावलं. पोरं भाड्याची सायकल तासभर न्यायची, घरामागे उभी करायची आणि तिच्या चांगल्या वाट्या, छर्रे काढून आपल्या खटाऱ्यात घालायची. आपलं झिजलेलं सामान भाड्याच्या सायकलला. म्हणून आबांनी दहाही सायकलींना असे आटे पाडून घेतले होते. काढायला जाल तर आणखी घट्ट होणार, आणि चुकून निघालीच तर दुसऱ्या कुठल्या सायकलीला बसणार नाही. मी तीन दिवस जोर लावून ती वाटी घट्ट करत होते.

"नवी पाडून देतो, पण तिला पाणी पाजून कडक करावी लागते. ते करणारे आता इथे नाहीत. मऊ वाटी महिन्यात झिजेल," तो म्हणाला. "दहातली दुसरी शोधा."

घरी आले ती तडक ओट्यावर.

"आबा, ते आटे उलटे आहेत."

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं."

"मला नाय तर कोनाला म्हायती आसनार?"

"मी तीन दिवस तुमच्यासमोर लटकले होते!"

त्यांनी पेपराची घडी केली. "मला वाटलं सोडशील."

मला इतका संताप आला की कानशिलं तापली. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाशी कोणी असं बोलू नये, पण मी बोलले. म्हटलं, तुम्ही आयुष्यभर माझ्या सोडण्याची वाट बघितलीत. ज्याला धंदा देऊ केलात त्याने नाक मुरडलं, आणि जी मागत होती तिला रॉकेलची वाटी दिलीत. मी नोकरी सोडली नाही, संसार सोडला नाही, तुम्हालाही सोडलं नाही, आणि ही वाटी सोडेन असं तुम्हाला वाटलं? आबांनी पेपर पुन्हा उघडला. नवरा आत कुकरच्या शिट्ट्या मोजत होता, त्याची मोजणी चुकली. त्या संध्याकाळी आबांना मी चहा दिला, पण कप जरा आपटून.

दुसरी कुठे शोधायची, हे मात्र लेथवाला बोलला त्याच क्षणी मला कळलं होतं. कडावच्या रस्त्याला एक फार्महाउस झालंय. त्याच्या फाटकाशी एक पांढरी रंगवलेली लहान सायकल उभी असते, पुढे टोपली, मागे पाटी ठोकलेली आणि दोन्हीकडे फुलांच्या कुंड्या. हल्ली आमच्याकडे ही टूम आहे. आमच्या घरातून टाकून दिलेलं वसईच्या किंवा ठाण्याच्या माणसाच्या अंगणात जाऊन उभं राहतं, आणि त्याचे फोटो काढतात. मी त्या सायकलीला दोन वर्षं जाता येता नावं ठेवली होती. आता आठवलं, तिच्या मागच्या पाटीखाली करवतीने कापलेल्या कॅरिअरचे दोन खुंट आहेत.

फार्महाउसवर मालक नव्हता. राखणीला एक बाई होती, तिथलीच, माझ्यापेक्षा थोडी लहान.

"ताई, साहेबांनी कोनाला हात लावू द्यायचा नाय सांगितलंय."

"ही सायकल माझ्या वडिलांची."

"आसं सगलेच म्हनतात. मागं एक जन त्या बैलगाडीला म्हनला."

"मग मी ही वाटी काढून दाखवते. निघाली तर आमची."

मी खाली बसले, पाना लावला आणि उजवीकडे जोर दिला.

"अगं बया, तुमी तर घट्ट करताय," ती म्हणाली. तिला सायकलीतलं कळत होतं.

"बघा तरी."

दोन हिसक्यांत वाटी किरकिरली आणि सुटली. आत अजून जुनं ग्रीस होतं, मेणासारखं पिवळं. वाटी नव्यासारखी. त्या बाईने वाकून पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं.

"ही काढलीत तर सायकल पडंल का?"

"नाही. तिच्या जागी लाकडाचं बूच ठोकते. रंग लावला की दिसणारही नाही."

"मग न्या. तिला कुठं जायाचं हाय? कुंड्याच तर सांभालायच्यात."

येताना स्कूटरवर मला एकटीलाच हसू येत होतं. चांगलं सामान काढून त्या जागी टाकाऊ काहीतरी बसवणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून आबांनी हे आटे पाडले होते. चाळीसेक वर्षांत त्यांना कोणी हरवू शकलं नाही. हरवलं ते मी, त्यांच्याच मुलीने, आणि दिवसाढवळ्या.

दोन दिवसांत सायकल उभी राहिली. रंग मी तोच शेंदरी लावला, नंबरही तोच. शेजारच्यांची सात वर्षांची नात ओट्यावर घुटमळत होतीच. तिला बसवलं. ती आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि घंटी वाजवत परत आली. मी आबांकडे बघितलं. ते मागच्या चाकाकडे बघत होते.

"आउट हाय," म्हणाले.

म्हणजे चाक डोलतंय. मला दिसलंच नव्हतं, पण त्यांचं बरोबर होतं. मी सायकल त्यांच्या खुर्चीपुढे उलटी केली आणि तारा आवळायचा छोटा पाना घेतला. त्यांचा हात पुढे आला. कापत होता, तरी पुढे आला.

"दे हिकडं."

"नाही."

"आउट काढनं म्हंजे नट आवळनं नव्हं. दे."

"आबा, तुमच्या हाताने आता ते होणार नाही. तुम्ही सांगा, मी फिरवते."

बोलले आणि मला वाईट वाटलं. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला, थांबवायला. पण मी शब्द मागे घेतला नाही आणि पानाही दिला नाही. शेजारची नात कंटाळून घरी गेली.

"फिरव चाक," मग ते म्हणाले.

मी फिरवलं. त्यांनी मान तिरकी केली, एक डोळा मिटला. "हितं. ही तार, उजवीकडची. पाव फेरा. नाय नाय, जास्त झाला. सोड थोडा. आता हिच्या समोरची." असं तासभर चाललं. दोनदा मी विचारायच्या आधीच बरोबर तार धरली आणि ते "हां" म्हणाले. एकदा ते म्हणाले डावी, मी म्हटलं उजवी, आणि निघाली उजवी. शेवटी चाक फिरलं ते सरळ, कुठे हलेना की डुलेना. आबांनी ते थांबेपर्यंत पाहिलं.

मी वाट बघत होते. आता तरी.

"च्या टाक," आबा म्हणाले.

मी चहा टाकला. दूध उतू गेलं, कारण लक्ष नव्हतं. मी रागाने बाहेर बसलेल्या आबांकडे पाठ करून उभी होते. नवऱ्याने हळूच गॅस बंद केला. तो म्हणाला, जाऊ दे, वय झालंय त्यांचं. मी म्हटलं, वय माझंही झालंय, मी कधी जाऊ दिलं?

सायकल मी विकली नाही, कोणाला शोभेलाही दिली नाही. ती ओट्याखाली असते. गल्लीतली कोणीही पोर येते, नेते, तास झाला की आणून लावते. तास साठ मिनिटांचा.

पंधरवडा गेला असेल. मी आत भाजी चिरत होते. बाहेर एका माणसाचा आवाज आला, ओळखीचा नव्हता. पलीकडच्या नव्या इमारतीतला असावा.

"आजोबा, मुलीची सायकल आहे, चाक डोलतंय. इथे कोणीतरी दुरुस्त करतं म्हणे. तुम्हीच का?"

याआधी असं कोणी आलं की आबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "धंदा बंद झाला." मी सुरी थांबवली.

"मी नाय," आबा म्हणाले. "मिस्त्री आत हाय. बोलावतो." आणि मग मोठ्याने, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "अगं मिस्त्री, बाहेर ये!"

ऐकू मला पहिल्या हाकेलाच आलं होतं. तरी मी जागची हलले नाही. म्हटलं, अजून एकदा म्हणू दे.